चार सुती आणि तेरा मिली

पापाकुरात आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारच्या कारपोर्टमध्ये, म्हणजे उघड्या छपराखाली, ती गाडी उभी होतीच. पुढची चार वर्षं मी रोज सकाळी तिच्या समोरून कामाला गेलो आणि एकदाही तिच्याकडे धड पाहिलं नाही. खरं तर गाड्या हा माझा विषय. पुण्यात मी ॲक्सल डिझाइनला होतो. २०११ मध्ये देश सोडून इथे आलो आणि तेव्हापासून कन्व्हेयर बेल्टची ड्रॉइंग्ज काढतो. पण माझ्यासारख्याचंही लक्ष जाऊ नये इतकी ती गाडी साधी होती. फिकट तपकिरी रंग, चौकोनी तोंड, मागे लांबलचक काचेचं खोकं. चाळीसेक वर्षांपूर्वीची कोरियन स्टेशन वॅगन. कुत्रा, मुलं आणि कुंपणाचे खांब एकाच फेरीत नेता यावेत, एवढाच तिचा जन्माचा हेतू.

तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या वडिलांनी.

आईचं वर्षश्राद्ध उरकून बाबा २०१७ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे आले. व्हिसा एका वेळी सहा महिन्यांचा. आईवडिलांना कायमचं आणायचा रस्ता सरकारने आदल्याच वर्षी बंद करून टाकला होता, त्यामुळे असं सहा-सहा महिन्यांनी बोलावत राहणं एवढंच हातात होतं. ते परत परत येत राहावेत, मला दुसरं काही नको होतं. पुण्यात ते फ्लॅटमध्ये एकटे असायचे. दुधाचा रतीब बंद केला होता, पेपर बंद केला होता, आणि समोरच्या काकू फोनवर सांगायच्या की दोन-दोन दिवस दार उघडत नाही रे, तू काहीतरी कर.

मी त्यांना इथे आणलं, म्हणजे काहीतरी केलं, अशी माझी समजूत होती. इथे आल्यावर बाबा स्वेटर आणि कानटोपी घालून घरामागच्या लाकडी डेकवर बसून राहू लागले. बायको सकाळीच बॉटनी नावाच्या उपनगरात ऑफिसला जायची, मी कामावर, मुलगी शाळेत. आजोबांनी मराठीत काही विचारलं की तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, आणि बाबा मान डोलवून पुन्हा डेकवर जायचे. तिसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, "मला इथे काय काम आहे, सांग बरं. एकदा आलो, बघितलं. आता पुन्हा नको बोलावूस."

मी म्हटलं, "आराम करा ना." मोटारींच्या कारखान्यात, टूलरूममध्ये अडतीस वर्षं फिटर म्हणून उभ्याने काढलेल्या माणसाला मी हे सांगत होतो.

मे महिन्यात एका शनिवारी मी डेकवर पाहिलं तर खुर्ची रिकामी. बाबा कुंपणापलीकडे होते, शेजारणीच्या कारपोर्टमध्ये, गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकून बघत होते. आणि ती शेजारीण, ऐंशीच्या घरातली, गमबूट घातलेली, चहाचा मग हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. मी धावत गेलो. सॉरी, सॉरी म्हणायला लागलो.

"सॉरी कशाबद्दल?" ती म्हणाली. "माझा नवरा गेल्यापासून हिच्याखाली कुणी डोकं घातलेलं नाही. तुझ्या वडिलांना बॉनेट उघडून हवंय वाटतं. खुणा तरी तशाच करतायत."

बॉनेट उघडलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून इंजिनवरचा एक आकडा पुसला, वाचला, आणि गेल्या वर्षभरात मी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "इंजिन जपानी आहे रे. आणि खाली ये, बघ. मागे कमानपाटे, वर असा ॲक्सल. हे इंग्लंडच्या माणसाचं डोकं. हे असलं मी उघडून जोडलंय." मी शेजारणीला त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ती म्हणाली, "अगदी बरोबर. आणि बॉडी एका इटालियनने काढलेली. आमचा म्हातारा तेवढं एकच सगळ्यांना सांगत सुटायचा, म्हणजे कुणी हसू नये."

लोक तरीही हसायचेच. त्या काळी सगळ्यांकडे इंग्लिश नाहीतर ऑस्ट्रेलियन गाड्या. कोरियात गाड्या होतात हेच कुणाला खरं वाटायचं नाही. शेजारणीचा नवरा त्या गाडीत मेंढ्यांचं औषध, विटा आणि एकदा तर शेजाऱ्याचा पियानो घालून फिरला. तो गेल्यावर तिने एकदा ती गाडी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात नेली. गेटवरच्या माणसाने खिडकीत वाकून अगदी नम्रपणे सांगितलं, प्रेक्षकांचं पार्किंग मागच्या मैदानात आहे.

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. ते हसले. मग गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे तरी काय होतं? गोऱ्या साहेबाची टाकून दिलेली बॉडी, त्यात जपान्याचं इंजिन, आणि बिल्ला आपला. आम्ही तीच नवी गाडी म्हणून बाहेर काढायचो."

त्या दिवसापासून बाबा रोज कुंपणापलीकडे जाऊ लागले. शेजारणीला मराठी येत नव्हतं, बाबांचं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या सूचनांपुरतं. तेवढ्यात त्यांचं भागायचं. ती त्यांना "मेट", म्हणजे दोस्त, म्हणायची. बाबा तिला "मॅडम" म्हणायचे आणि घरी आल्यावर "आपल्या बाई". शनिवार-रविवार मीही जाऊ लागलो. चार वर्षं शेजारपाजारच्या कुणालाही मी धड ओळखत नव्हतो, आणि आता मी त्या कारपोर्टमध्ये जुन्या चादरीवर उताणा पडून बाबांच्या हातात नटबोल्टचे पाने देत होतो.

त्या गाडीचे बोल्ट ही एक वेगळीच डोकेदुखी. काही इंची, काही मिलीचे, म्हणजे मिलीमीटरचे. काही मूळचेच तसे, काही मागाहून कुणी सापडेल ते बसवलेले. बाबा अजून सुतात मोजायचे, एक इंच म्हणजे आठ सूत. चार सुती बोल्टच्या डोक्यावर तेरा मिलीचा पाना बसतो. अगदी बसला असं वाटतं. जोर लावला की तो फिरतो आणि बोल्टचं डोकं गोल होतं, मग तो बोल्ट कुणाच्याच कामाचा राहत नाही. मी पहिल्याच दिवशी एक असा घालवला. बाबा म्हणाले, "डिग्री घेतलीस, पण हात नाही लागला तुझा." ते असं टोचून बोलले याचा मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. आई गेल्यापासून त्यांनी मला एकदाही बोल लावला नव्हता.

जून ते ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळाभर, काम चाललं. ब्रेक झाले, पेट्रोलची टाकी धुऊन झाली. चालकाच्या दाराखालची पट्टी गंजून चाळणी झाली होती. बाबांनी ती कापली, पत्रा ठोकून आकार दिला आणि मी भाड्याने आणलेल्या मशीनवर त्यांनीच वेल्डिंग केलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण वेल्ड असा की बोट फिरवलं तर जोड लागत नव्हता. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू झालं. त्या रात्री जेवताना बाबा मुलीला म्हणाले, "गिअरबॉक्स जरा कुरकुरतोय. तो आता नाही, पुढच्या वेळी येईन तेव्हा उघडू."

पुढच्या वेळी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीत भात कालवत राहिलो, कारण मान वर केली असती तर रडू फुटलं असतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारणीचं घर विकलं गेलं. ती वृद्धांच्या वसाहतीत जाणार होती. तिचा मुलगा महिनाअखेर घर रिकामं करून देणार होता. तिने मला बोलावून गाडीचे कागद हातात दिले. "तुझ्या वडिलांची गाडी आहे ही," ती म्हणाली. "फक्त हे पत्र वाच. रेगो कधीची संपलीय. वर्ष पुरं व्हायच्या आत भरली नाही तर नोंदणी रद्द होते म्हणतात. मला वाटलं, आता कुणाला हवी असणार, म्हणून मी ड्रॉवरमध्ये टाकलं होतं."

मी पत्र वाचलं. वर्ष पुरं व्हायला बारा दिवस होते. रेगो म्हणजे इथे गाडी रस्त्यावर आणायचा वार्षिक कर. पोस्टाच्या दुकानात जाऊन गाडी नावावर करायची, रेगो भरायची, दहा मिनिटांचं काम. मी बाबांना सांगितलं, उद्या लंचला जाऊन करून टाकतो.

बाबा म्हणाले, "उद्या पितृपक्ष लागतोय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. पंधरा दिवस नवी वस्तू घरात आणायची नाही. घटस्थापनेला घेऊ. चांगला दिवस आहे."

बाबा काही कर्मठ नव्हते. टूलरूममध्ये खंडेनवमीला मशीनला हार घालायचे, तेवढाच त्यांचा देवधर्म. पण वर्षश्राद्धानंतरचा तो आईचा पहिला पक्ष होता. आई सवाष्ण गेली, तिची तिथी अविधवा नवमी. त्या नवमीला बाबांनी पापाकुराच्या मागच्या अंगणात केळीच्या पानावर वाढलं, मुलीला हाताशी धरून नमस्कार करायला लावला. कावळे इथे नाहीत. साळुंक्या आल्या आणि भजी घेऊन गेल्या. बाबा म्हणाले, "चालतंय. तिला साळुंक्या आवडायच्या." त्या माणसाला मी कसं सांगणार होतो की या आठवड्यात मला गाडी विकत घ्यायचीच आहे?

आता खरं काय घडलं ते सांगतो. इतकी वर्षं मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी लंचमध्ये पोस्टाच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला पत्र दाखवलं आणि विचारलं, थोडे दिवस उशीर झाला तर किती लेट फी पडेल? ती म्हणाली, लेट फी नाही, तारीख गेली की नोंदणी रद्द होते. मी म्हटलं, बरोबर, पण मग परत चालू करायला काही दंड असेल ना? ती म्हणाली, दंड नाही, रद्द. आत्ता करून टाका ना, गाडी त्यांच्याच नावावर राहू दे, फक्त रेगो भरा, कुणीही भरू शकतं. तिने फॉर्म पुढे सरकवलासुद्धा.

नुसती रेगो भरणं म्हणजे काही नवी वस्तू घेणं नव्हे. पितृपक्ष मोडत नव्हता, बाबांना कळायचंही कारण नव्हतं. पण मी पुण्याचा. सरकारी तारीख म्हणजे शेवटची तारीख, हे माझ्या रक्तात नाही. आपल्याकडे तारखेनंतर दंड असतो, दंडानंतर अर्ज असतो, अर्जानंतर ओळखीचा कुणीतरी असतो. माझ्या मागे तीन माणसं रांगेत होती, पाकीट गाडीत राहिलं होतं, आणि मला मीटिंगला परत जायचं होतं. मी त्या मुलीला इथल्या ढंगात "स्वीट ॲज", म्हणजे छान, "नंतर येतो" म्हटलं आणि निघालो. मग पुढचे दिवस कामात गेले. तारीख रविवारी होती आणि ती मला बुधवारी आठवली. आठवली तेव्हाही मी फार घाबरलो नाही.

घटस्थापनेच्या दिवशी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर दुकानात आले. काउंटरवर त्या दिवशी दुसरा माणूस होता. त्याने नंबर टाकला, स्क्रीन बघितली, पुन्हा टाकला. "ही गाडी आमच्याकडे नाहीये," तो म्हणाला.

पुढचा आठवडाभर मी पळापळ केली. पुन्हा नोंदणी करायची तर गाडी परदेशातून आज उतरल्यासारखी तपासून घ्यायची. तपासणीला ट्रेलरवर घालून नेली, बाबा बरोबर आलेच. तपासणारा माणूस भला होता. तो गाडीभोवती फिरला आणि त्याने विचारलं, ही कोणत्या देशाच्या मानकांप्रमाणे बनलीय त्याचा काही कागद आहे का?  बाबांनी पुढे होऊन इंग्रजीत उत्तर दिलं, शाळेतल्या मुलासारखं हात मागे बांधून, "ड्रॉइंग इटली. बॉटम इंग्लंड. इंजिन जपान. पीपल कोरिया." तो माणूस हसला, पण फॉर्ममध्ये एकच रकाना होता. मग तो खाली वाकला आणि दाराखालची पट्टी त्याला दिसली. हे वेल्डिंग कुणी केलं? बाबा म्हणाले, "आय डिड." त्याने टॉर्च लावून बघितलं आणि म्हणाला की काम सुरेख आहे. पण प्रमाणपत्रवाल्या इंजिनिअरने केलेलं नसल्यामुळे ते सगळं कापून काढावं लागेल, त्याच्यासमोर नव्याने करावं लागेल, आणि कागद नसतील तर त्याचाही उपयोग नाही. खरं सांगायचं तर, तो म्हणाला, एवढा खटाटोप लोक दुर्मिळ गाड्यांसाठी करतात.

मला हे सगळं बाबांना मराठीत सांगायचं होतं. मी फक्त एवढं सांगितलं, "नाही म्हणतोय."

घरी आलो. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दुसरीकडे विचारून बघू या का? एखादा ओळखीचा?" माझं डोकं फिरलं. माझ्याच मनातलं ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकवलं नाही. मी म्हटलं, "इथे ओळखीचं काही चालत नाही, बाबा. इथे तारीख म्हणजे तारीख असते. मी सांगत होतो तुम्हाला उद्याच करतो म्हणून. तुमच्या पितृपक्षापायी गेली गाडी. आईच्या नावाखाली घालवलीत."

बायको सिंकपाशी होती. तिने नळ बंद केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलावरचा मिठाचा डबा जरा सरळ करून ठेवत म्हणाले, "हो. माझंच चुकलं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पोस्टाच्या दुकानातली ती मुलगी, तो पुढे सरकवलेला फॉर्म, सगळं ओठांवर होतं. पण खोटं एकदा बोललं आणि समोरच्याने ते मान्य केलं की परत घेणं फार जिवावर येतं. मी बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

महिनाअखेर शेजारणीच्या मुलाने भंगारवाला बोलावला. गाडी साखळीने ट्रकवर ओढली तेव्हा बाबा डेकवर बसलेले होते, कानटोपी घालून. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "सॉरी, मेट." बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नो मॅडम. माय मिस्टेक." तिला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायला निघून गेलो.

ऑक्टोबरमध्ये बाबा पुण्याला परत गेले. एअरपोर्टवर त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाले, "जपून चालव." पुढच्या वर्षी मी तिकीट पाठवतो म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी व्हिसाची मुदत आहे, वाया जाईल म्हटलं तर म्हणाले, जाऊ दे. २०१८ च्या पितृपक्षात आईच्या तिथीला त्यांनी पुण्यात एकट्यानेच पान वाढलं. त्याआधी त्यांनी मला फोन करून विचारलं, "या पंधरवड्यात तुझं काही महत्त्वाचं काम तर नाही ना? असेल तर खुशाल कर हं. माझ्यासाठी थांबू नकोस." मी म्हटलं, नाही, काही नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये, इथल्या हिवाळ्यात, पुण्याच्या समोरच्या काकूंनी कळवलं की बाबांना दवाखान्यात ठेवलंय, छातीत पाणी झालंय. मी तिकीट काढलं, निघायला दोन दिवस होते. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी फोन त्यांच्यासमोर धरला होता. नाकात नळी, दाढी वाढलेली. एक-एक शब्द मोजून बोलत होते.

"तुझी गाडी," ते म्हणाले, "माझ्यामुळे गेली."

मी एकटाच होतो खोलीत. बायको-मुलगी बाहेर होत्या. ऐकणारं कुणी नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. चार शब्दसुद्धा लागले नसते. पण सांगायला लागलो तर दोन वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं, आणि मला वाटलं, परवा निघतोच आहे, समोर बसून नीट सांगू. इथेही मी अजून दोन दिवस हातात आहेत असंच धरून चाललो.

मी म्हटलं, "जाऊ द्या हो बाबा. मी कधीच विसरलोय ते."

त्यांचा चेहरा खरोखर सैल झाला. मी त्यांना माफ केलं म्हणून त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, आणि मी अजून घरातूनसुद्धा निघालो नव्हतो.